साथीचें गणित आणि शब्दांची निश्चिति

१७ डिसेंबर १९०५ पासून २१ जुलै १९०६ पर्यंत मुंबई बेटांत प्लेगनें आठवड्यागणिक किती माणसें दगावलीं, याचे आंकडे पुढें एका जगप्रसिद्ध गणितास आधारभूत झाले. केरमॅक व मॅकेंड्रिक या दोघां स्कॉटिश शास्त्रज्ञांनीं १९२७ सालीं रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तांत जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत त्यांचा आलेख आहे. मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानांत वैद्यकीय नोकरी केलेले डॉक्टर. केरमॅक हे प्रयोगशाळेंतील अपघातानें अंध झालेले रसायनशास्त्रज्ञ.

या गणितांत लोकसंख्येचे तीन वर्ग पाडतात : रोग होण्याजोगे, रोग पसरविणारे, आणि साथीच्या फेऱ्यांतून बाहेर पडलेले. हा तिसरा वर्ग नीट ध्यानांत घ्यावयास हवा. मूळ निबंधांत बरा झालेला व मेलेला हे दोघेही त्यांत येतात. पुढें मात्र अनेकांनीं त्या वर्गास 'बरे झालेले' असेंच नांव दिलें. मुंबईच्या आलेखांत तर केवळ मृत्यूच होते. कारण नोंदलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा ८० ते ९० दगावत असत. त्या आलेखास हें नवें नांव लावलें, कीं स्मशानांत पोंचलेला मनुष्य कागदावर ठणठणीत होऊन बसतो! आपल्या बोलींत 'सुटला' हा शब्द दुखण्यांतून उठलेल्यासही लागतो व गेलेल्यासही. तिसऱ्या वर्गास तोच शोभेल.

२०२० सालीं कोरोनाच्या साथींत 'विलगीकरण' या शब्दाची अशीच ओढाताण झाली. क्वारंटाईन व आयसोलेशन या दोहोंसही लोक तोच शब्द योजूं लागले. अंबरनाथच्या बुवापाड्यांत एका खोलींत पांच माणसांचें बिऱ्हाड आहे, असें समजा. त्यांतील एकास रोग झाल्याचें तपासणींत ठरलें. दुसरा नुसता त्याच्या शेजारीं जेवावयास बसला होता. पहिल्यास, म्हणजे रोग्यास, इतरांपासून दूर ठेवणें हें आयसोलेशन. दुसऱ्यास, रोग बाहेर पडतो कीं नाहीं हें पाहण्याकरितां, कांहीं दिवस अडवून ठेवणें हें क्वारंटाईन. दोघांसही एकच शब्द लाविला, तर शेजारी निरोग्याकडेही पाठ फिरवितात. त्या वर्षीं मार्चमध्यें महाराष्ट्रांत घरींच राहावयाच्या लोकांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. ते सारे कांहीं रोगी नव्हते. गणित करणाराही येथें अडतो. पहिला मनुष्य दुसऱ्या वर्गांतला. दुसऱ्याचा वर्ग अजून ठरावयाचा असतो. यादींत नुसतें 'विलगीकृत : २' असें आल्यावर त्यानें त्यांस कोणत्या रकान्यांत घालावें?