काचेचा धागा : विद्यापीठ आणि कारखाना यांच्या सहकार्याची एक कथा

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील विद्यार्थी-गौरव समारंभात दिलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. अशा वेळी विद्यार्थ्यांस उपदेश करण्याची प्रथा आहे. ती आज आम्ही किंचित मोडणार आहोत. आम्हांस बोलावयाचे आहे ते या मुलांच्या वडीलधाऱ्यांशी आणि आपल्या शिष्यवृत्ती निधीच्या विश्वस्तांशी. आणि त्या विश्वस्तांत आमचीही गणना होत असल्यामुळे, काही अंशी स्वतःशीच.

गेल्या वर्षी निधीकडे दोन अर्ज असे आले, की अर्जदारांच्या हाती पदवी होती आणि पुढे संशोधन करण्याची त्यांची इच्छा होती. मंडळाने नियमावर बोट ठेवले. पदवी मिळाली, की साहाय्य संपले, असा आपला जुना नियम आहे. ‘शिकून झाले, आता कमवावे’ असा सूर सभेत निघाला आणि ते अर्ज बाजूस सारण्यासाठी जे हात वर झाले, त्यांत आमचाही एक होता. त्या गोष्टीची आज आम्हांस रुखरुख लागून राहिली आहे. ती का, हे सांगण्यासाठी एका काचेच्या धाग्याची हकीकत आपणांपुढे ठेवतो.

दूरध्वनी खात्यात आमची सारी नोकरी तांब्याच्या तारांच्या संगतीत झाली. आज आपल्या घरातील आजी परदेशी असलेल्या नातवाशी बोलते, तेव्हा तिचा शब्द बहुतेक सारी वाट तांब्यातून नव्हे, तर समुद्राच्या तळाशी घातलेल्या, माणसाच्या केसाएवढ्या जाडीच्या काचतंतूतून प्रकाशरूपाने जातो. हा तंतू कोणी निर्माण केला, असे विचारले तर एका माणसाचे किंवा एका संस्थेचे नाव घेऊन भागत नाही. कधी विद्यापीठ पुढे झाले, कधी कारखाना. आणि जेथे दोघांची गाठ पडली, तेथेच काम पुढे सरकले.

काचेच्या तंतूतून प्रकाश वाकवून नेता येतो, हे पूर्वीच ठाऊक होते. आपल्या पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॉपकिन्स यांच्यासह अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेऊन दाखविले आणि १९५४ साली ते प्रसिद्ध केले. परंतु चित्र नेणे वेगळे आणि गावोगाव संदेश नेणे वेगळे. पुढे दहा वर्षांनीही उत्तम काचतंतूत दर किलोमीटरला सुमारे हजार डेसिबल इतका प्रकाश वाया जाई. हे मोजमाप घरगुती भाषेत सांगावयाचे, तर वीस मीटर अंतर चालून जाईपर्यंत शंभर भागांपैकी एकच भाग प्रकाश उरे. असा तंतू दिवाणखान्यातून अंगणापर्यंत पुरावा. पुण्याहून मुंबईस तो काय पोहोचविणार?

या ठिकाणी चार्ल्स काओ यांचा प्रवेश होतो. १९३३ साली शांघाय येथे जन्मलेले हे गृहस्थ इंग्लंडात हार्लो या गावी, स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीज या उद्योगसंस्थेच्या प्रयोगशाळेत नोकरीस होते. नोकरी चालू असतानाच त्यांनी लंडन विद्यापीठासाठी प्रबंध लिहून १९६५ साली डॉक्टरेट मिळविली. म्हणजे एक पाय कारखान्यात आणि एक विद्यापीठात, अशी त्यांची स्थिती होती. १९६६ साली त्यांनी आपले सहकारी जॉर्ज हॉकम यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. प्रकाश नाहीसा होतो हा काचेचा उपजत दोष नव्हे; काचेत राहून गेलेल्या लोहासारख्या धातूंच्या अंशांचा तो दोष आहे, हे त्याचे सार. काच पुरेशी शुद्ध केली आणि हानी किलोमीटरला वीस डेसिबलपर्यंत आणली, म्हणजे एक किलोमीटर अंतरावर शंभरातील एक भाग प्रकाश उरला, तरी टेलिफोनचे काम भागेल, असा त्यांचा हिशेब होता.

हा हिशेब घेऊन काओ काच बनविणाऱ्यांच्या दारोदार फिरले. पुष्कळांस ते बोलणे मनोराज्य वाटले. परंतु ब्रिटिश पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्राने त्यात लक्ष घातले आणि तेथे भेटीस आलेल्या एका पाहुण्याच्या द्वारे तो प्रश्न अमेरिकेतील कॉर्निंग या काच कारखान्यात पोहोचला. तेथे मॉरर, केक आणि शुल्ट्झ या तिघांनी १९७० साली सतरा डेसिबलचा तंतू ओढून दाखविला आणि दोनच वर्षांत ती हानी चार डेसिबलवर आणली. १९७९ साली जपानी संशोधकांनी ती शून्य दशांश दोनपर्यंत उतरविली. ज्या प्रकाशाची वीस मीटरांत जी दशा होत असे, ती होण्यास आता शंभर किलोमीटर लागू लागले.

सभ्य गृहस्थहो, येथवरचा इतिहास ऐकून एखादा व्यवहारी मनुष्य म्हणेल, की हे सारे तर कंपन्यांनी केले. यात विद्यापीठाचे काय? त्याचे उत्तर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउदॅम्प्टन विद्यापीठात सापडते.

तेथे प्राध्यापक ॲलेक गॅम्बलिंग यांनी १९६० नंतरच्या दशकातच काचतंतूंच्या अभ्यासास प्रारंभ केला होता. डेव्हिड पेन नावाचा त्यांचा एक विद्यार्थी होता. तंतू विकत मिळत नव्हते. तेव्हा या मंडळींनी तंतू ओढण्याचे यंत्र विद्यापीठातच उभारले. काचेचा दांडा भट्टीत तापवून त्याचा लांबच लांब धागा ओढावयाचा, ही कला कारागिराची. ती त्यांनी हातात आणली. त्यांच्या कामास उद्योगांचा आधार मिळत गेला. इतका, की पुढे गॅम्बलिंग यांच्या प्राध्यापकपदासच ब्रिटिश टेलिकॉमचे नाव जोडले गेले. आपल्याकडे देणगीदाराचे नाव सभागृहाच्या दारावरील संगमरवरी पाटीत कोरले जाते. तेथे ते एका शिक्षकाच्या आसनास दिले गेले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

आता या कथेतील मुख्य प्रसंग. तंतू कितीही निर्मळ असला तरी शंभर किलोमीटरनंतर प्रकाश थकतोच. तोवरची युक्ती अशी होती, की वाटेत जागोजाग यंत्रे ठेवावयाची. त्यांनी प्रकाशाची वीज करावयाची, विजेस बळ द्यावयाचे आणि पुन्हा तिचा प्रकाश करून पुढे धाडावयाचा. १९८८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी जी पहिली काचतंतूची केबल पडली, तिच्यात अशीच यंत्रे होती. दर वाढीव गतीसाठी ही यंत्रे बदलणे भाग. आणि ती तर समुद्राच्या पोटात!

साउदॅम्प्टनच्या मंडळींनी १९८५ च्या सुमारास काचतंतूच्या गाभ्यात एर्बियमसारख्या दुर्मिळ मृत्तिकाधातूंचे अत्यल्प अंश मिसळण्याची रीत साधली. अशा तंतूपासून नव्या तऱ्हेचे लेसर करता येतील काय, ही त्यांची जिज्ञासा होती. टेलिफोन कंपनीने तशी मागणी नोंदविलेली नव्हती. परंतु निसर्गाचा योगायोग असा, की काचेत ज्या रंगाचा अदृश्य प्रकाश सर्वांत कमी वाया जातो, नेमक्या त्याच प्रकाशास एर्बियम बळ देऊ शकते. १९८७ साली पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एर्बियमयुक्त तंतूचा प्रकाश-प्रवर्धक सिद्ध केल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत देझुर्व्हीर आणि त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे तेथेच पोहोचले. एक विद्यापीठाची प्रयोगशाळा, एक कंपनीची, श्रेय दोघांचेही. या प्रवर्धकात प्रकाशाची वीज करण्याचे कारण उरले नाही, आणि अनेक रंगांचे संदेश एकाच तंतूतून एकाच वेळी बळ घेऊन पुढे जाऊ लागले.

तथापि विद्यापीठात सिद्ध झालेली वस्तू म्हणजे समुद्रतळाशी ठेवण्याजोगी वस्तू नव्हे. पहिल्या प्रयोगांत प्रवर्धकास शक्ती पुरविण्यासाठी प्रयोगशाळेतील मोठाले लेसर लागत. ते केबलमध्ये कसे बसणार? नखाएवढ्या अर्धवाहक लेसरांनी ते काम करून घेणे, आणि खोल पाण्यात पंचवीस वर्षे कोणी हात न लावता ते चालेल अशी खात्री करून घेणे, हा उद्योग कारखान्यांच्या अभियंत्यांनी केला. अशा प्रवर्धकांच्या बळावर चालणारी अटलांटिकपार केबल १९९६ साली पूर्ण झाली. प्रयोगशाळेतील सिद्धीपासून अवघी नऊ वर्षे. परंतु गॅम्बलिंग यांनी आरंभ केल्यापासून मोजू लागलो, तर तीस.

या सहकार्यात कुरबुरी नसतात असे नव्हे. विद्यापीठास शोध प्रसिद्ध करावयाचा असतो, कंपनीस तो झाकून ठेवावयाचा असतो. म्हणून पेटंटचा अर्ज आधी दाखल करावयाचा आणि निबंध नंतर छापावयाचा, अशा अटी आरंभीच लिहून घ्याव्या लागतात. बाजार बसला, की कंपनी हात आखडता घेते, हेही खरे. साउदॅम्प्टनच्या संशोधनातून २००० साली टेलिफोन-उद्योगासाठी एक कंपनी निघाली. लगेच त्या धंद्यात जगभर मंदी आली. कंपनीने तेच ज्ञान धातू कापणाऱ्या आणि जोडणाऱ्या तंतू-लेसरांकडे वळविले आणि २००८ साली एका जर्मन उद्योगाने ती विकत घेतली. मध्यंतरी ऑक्टोबर २००५ मध्ये तर विद्यापीठाची तंतू-प्रयोगशाळा असलेली इमारत आगीत भस्मसात झाली. माणसे होती, विद्या होती. म्हणून ती २००८ साली पुन्हा उभी राहिली.

याहून बोलका एक दाखला आहे. हार्लो येथील ज्या प्रयोगशाळेत काओंनी आपला निबंध लिहिला, ती पुढे ज्या कंपनीच्या मालकीची झाली, तिने जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी काओंना नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर स्मृतिभ्रंशाने त्यांना ग्रासले होते. स्टॉकहोम येथील त्यांचे व्याख्यान त्यांच्या पत्नीने वाचले. २०१८ साली काओ निवर्तले. मालक बुडाले, शोध लावणाऱ्याची स्मृतीही मावळली. परंतु त्यांनी शोधिलेली वाट जगास मोकळी झाली ती झालीच. काओंनी स्वतः १९७० साली हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठात जाऊन इलेक्ट्रॉनिक्सचा विभाग स्थापिला आणि पुढे ते त्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले, हेही विसरता येत नाही. कारखान्यात मिळविलेले त्यांनी विद्यापीठास परत केले.

आपल्याकडे ही विद्या उशिरा आली असे म्हणण्यास जागा नाही. भारतातील स्थानिक टेलिफोन केंद्रे जोडणारी काचतंतूची पहिली योजना १९७९ साली आपल्या पुण्यातच कार्यान्वित झाली. आज काचतंतू ओढणारे कारखानेही महाराष्ट्रात आहेत. मग उणे कशाचे आहे? आमच्या अल्पमतीस वाटते, की पदवीनंतरची जी पाच-सहा वर्षे हाती काही लागत नाही, ती सोसण्याच्या धीराचे. डेव्हिड पेन यांच्या विद्यार्थिदशेत कोणी ‘आता कमवावे’ असे म्हणून त्यांना उठविले असते, तर ते यंत्र कोणी उभारले असते, हे आम्हांस सांगता येणार नाही.

म्हणून तीन विनंत्या करून आम्ही आपली रजा घेतो. निधीचा पदवीशी थांबणारा नियम येत्या सर्वसाधारण सभेत बदलावा. संशोधन करणाऱ्यास निदान तीन वर्षे, प्रतिवर्षी प्रगती पाहून, साहाय्य द्यावे. तसा ठराव आम्ही स्वतः मांडणार आहोत. आपल्या ज्ञातीत जे कारखानदार आहेत, त्यांनी पैशाबरोबर आपल्या कारखान्यातील न सुटलेले प्रश्नही या मुलांपुढे ठेवावेत आणि सुट्टीत त्यांना आपल्या यंत्रांपाशी उभे राहू द्यावे. आणि ज्यांची मुले किंवा मुली संशोधनात आहेत, त्या आईबापांनी शेजारच्याच्या मुलाचा पगार त्यांच्या कानी घालण्याचे कृपा करून टाळावे.

त्या दोन अर्जदारांपैकी एक जण आज या सभेत बसला आहे. त्याने यंदा पुन्हा अर्ज करावा, एवढे सांगून आम्ही आपले भाषण संपवितो.