कोरडी वाईन आणि कोरडवाहू शेतकरी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर सकाळपासून पुष्कळ बोलून झाले. आम्ही आज बोलणार आहोत जर्मनीतल्या एका वाईनबद्दल. मायबहिणींनी रागावू नये. गावातले दारूचे दुकान बंद करायला तुम्ही निघालात, तर आम्ही तुमच्या मागे उभे राहू. इथे प्रश्न पिण्याचा नाही, विकण्याचा आहे.

जर्मनीत मोझेल नदीच्या काठी द्राक्षाचे मळे आहेत. जमीन पाटीच्या दगडाची. उतार इतका उभा की कित्येक ठिकाणी ट्रॅक्टर चढत नाही, तोडणी हातानेच करावी लागते. तिथे रीसलिंग जातीचे पांढरे द्राक्ष पिकते. रस आंबवताना त्यातली बहुतेक साखर संपू दिली की कोरडी वाईन तयार होते. बाटलीवर 'ट्रॉकन', म्हणजे कोरडी, असे छापतात. तसे छापायचे तर लिटरमागे 9 ग्रॅमच्या वर साखर चालत नाही.

ही वाईन चांगली आंबट असते. तिची खरी जागा ताटाशेजारी. तेलकट भज्यांवर आपण लिंबू पिळतो ना, तेच काम ती करते. डुकराचे मांस, धुरी दिलेले सॉसेज, लोण्यात परतलेला ट्राउट मासा, कांदा घालून भाजलेली जाड पोळी, यांच्याबरोबर ती घेतात. एप्रिलपासून 24 जूनपर्यंत तिथे आपल्या शतावरीच्या कुळातली एक भाजी येते. मातीचे वरंबे ओढून कोंब उन्हापासून झाकतात, म्हणून ते पांढरेशुभ्र राहतात. हे कोंब, वर वितळलेले लोणी, शेजारी कोरडी वाईन, हा तिथला हंगामाचा बेत. आपल्या ठेच्याशी मात्र तिचे जमणार नाही, तोंड आणखीच पेटेल!

पण हे सारे सुरळीत चालले नाही. 1970 आणि 1980 च्या दशकांत जर्मनीतून स्वस्त, गोड वाईन ढिगाने परदेशी गेली. कुणाच्या मळ्यातली, याचा पत्ता नाही. जर्मन वाईन म्हणजे स्वस्त साखरपाणी, असे नाव पडले आणि उभ्या उतारावर राबणाऱ्याचा चांगला मालही त्याच रांगेत बसला. मग अनेक शेतकरी कोरड्या वाईनकडे वळले. बाटलीवर स्वतःचे आणि मळ्याचे नाव घातले, जेवणाच्या टेबलावर जागा मिळवली.

त्यांच्या हाती आणखी एक हत्यार आहे. द्राक्ष पिकवणारा शेतकरी आपल्याच घरात वर्षातून चार महिन्यांपर्यंत खानावळ उघडू शकतो. दारावर फांद्यांचा झुबका टांगला की लोकांना कळते. खुर्च्या चाळीसपर्यंत, वाईन फक्त स्वतःची, जेवण साधे. त्यासाठी खानावळीचा परवाना लागत नाही. सरकारला कळवले की झाले.

भावांनो, इथे आम्हांला आपली आठवण होते. 1972 साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि कित्येक वर्षे आपलाच कापूस आपल्याला राज्याबाहेर नेता येत नव्हता. तिकडे शेतकरी दारावर फांदी टांगून गिऱ्हाईक बोलावतो, इकडे स्वतःचा माल घेऊन जाणाऱ्याला नाक्यावर अडवत होते! कष्टात फरक नव्हता, मोकळीकीत होता.

शेतकी कॉलेजात आम्हांला एकरी उतारा वाढवायला शिकवले. माल कुणाच्या ताटात जातो, हे पाहायला कुणी शिकवले नाही. ती चूक आमचीही आहे.

आपल्याकडे काय नाही? पौषातला हुरडा आहे, लसणाची चटणी, वांग्याचे भरीत, गूळ, दही आहे. शहरातली माणसे त्यासाठी पैसे मोजून शेतावर येतात. मग ज्वारी तरी बिननावाच्या पोत्यात का जावी? तिच्यावर गावाचे नाव का नसावे?

कोरडवाहू जमीन हा कमीपणा नाही. माल पिकवणाऱ्यालाच तो आपल्या नावाने, आपल्या दारात, आपल्या भावाने विकण्याची मोकळीक हवी. एवढेच मागणे घेऊन या मेळाव्यातून उठू या.