परसबागेतील मुंग्या

परसबागेत भेंडीच्या शेंड्याकडे मुंग्यांची रांग चढताना दिसली, की आपला हात प्रथम विषारी भुकटीच्या डब्याकडे जातो. झाड कोमेजलेले आणि त्यावर मुंग्या, तेव्हा वैरी त्याच, असा निवाडा होणे स्वाभाविक आहे. परंतु हा निवाडा पुरावा न पाहता दिलेला असतो. जी भाजी आपण त्याच दिवशी मुलाबाळांच्या ताटात वाढणार, तिच्यावर विष न टाकता मुंग्यांचा बंदोबस्त कसा करता येतो, हे आज आपणांस सांगावयाचे आहे.

पाने कातरून वारुळात नेणाऱ्या मुंग्या अमेरिका खंडात आहेत. आपल्याकडे त्या नाहीत. आपल्या बागेतील मुंगी भेंडीवर चढते ती सहसा पानासाठी नव्हे, तर मावा आणि पिठ्या ढेकूण या किडींसाठी. या किडी झाडाचा रस शोषतात. त्या रसात साखर पुष्कळ आणि नत्र अत्यल्प असते. म्हणून पोटापुरते नत्र मिळविण्यास किडीला रस फार प्यावा लागतो, आणि अधिक झालेली साखर ती गोड थेंबांच्या रूपाने बाहेर टाकते. पानांवर जो चिकटा पडतो आणि ज्यावर पुढे काळी बुरशी धरते, तो हाच. मुंगीला हे थेंब हवे असतात. त्यांच्या मोबदल्यात ती या किडींची राखण करते. मावा खाण्यास आलेल्या ढालकिड्याला ती हुसकावून लावते. तेव्हा मुंगी ही चोर नव्हे. चोराच्या घरची राखणदार आहे.

परभणी जिल्ह्यात ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. कापूस हे आपल्याकडील मुख्य पिकांपैकी एक. भेंडी, अंबाडी आणि जास्वंद ही कपाशीच्याच कुळातील झाडे होत. २००५ नंतरच्या काही वर्षांत ज्या पिठ्या ढेकणाने देशातील कपाशीवर धाड घातली, त्याला ही सारी झाडे सारखीच प्रिय आहेत. शास्त्रज्ञ त्याला फेनाकोकस सोलेनॉप्सिस म्हणतात. १८९८ साली त्याचे प्रथम वर्णन झाले, तेव्हा तो अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रांतात मुंग्यांच्या वारुळात सापडला होता. म्हणून त्याच्या नावातच एका मुंगीचे नाव गुंफलेले आहे. त्याची पिल्ले वाऱ्याने, पाण्याने, माणसांच्या कपड्यांनी आणि मुंग्यांच्या साहाय्याने दूरवर पसरतात. सरपणासाठी कुंपणाशी रचलेली पऱ्हाटी आणि तिच्याभोवती माजलेले गाजरगवत ही या किडीची आश्रयस्थाने होत. शेजारी जास्वंद असेल, तर मार्ग फार लांबचा उरत नाही. येथील कृषि विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ ही भेंडी केवडा रोगाला दाद न देणारी म्हणून काढली गेली, हे खरे. परंतु तो गुण या किडीपासून तिचे रक्षण करीत नाही.

मुंगी झाडाला थेट उपद्रव देते तो पेरणीच्या वेळी. काही जाती वाफ्यातील बारीक बी उचलून नेतात. पुण्यात कर्नल साइक्स यांनी गवताचे बी साठविणारी आणि पावसाने ते भिजले असता बाहेर आणून उन्हात वाळविणारी मुंगी पाहिली; तिचे वर्णन १८३५ साली प्रसिद्ध झाले. अशा दूरदर्शी प्राण्यापुढे उघडे बी ठेवू नये. मेथी, कोथिंबीर किंवा राजगिरा पेरल्यावर बी लगेच मातीने झाकावे आणि त्याच वेळी पाणी द्यावे.

आता उपाय. पहिला उपाय कारणाचा. रांग ज्या पानाशी संपते ते पान उलटून पाहावे. तेथे मावा असेल, तर पाण्याच्या जोरदार धारेने तो धुऊन काढावा. पिठ्या ढेकूण असेल, तर शेंडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवावा. कचऱ्यावर टाकू नये. कीड वाढली असल्यास पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळून तीत थोडा साबण मिसळावा आणि सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूस फवारावे.

दुसरा उपाय वाटेचा. दुधाचे भांडे आपण पाण्याच्या परातीत ठेवतो. त्याच न्यायाने कुंडीखाली विटा ठेवून विटांखाली पाण्याची थाळी ठेवावी. मात्र ते पाणी आठवड्यातून एकदा ओतून थाळी घासावी, नाही तर मुंगी थांबेल आणि डास वाढतील. झाडाची एखादी फांदी भिंतीला टेकलेली असेल तर ती छाटावी. मुंगीला तेवढा पूल पुरतो.

कुंडीच्या मातीतच मुंग्यांनी घर केले असेल, तर माती फार कोरडी पडली आहे असे बहुधा समजावे. कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली, म्हणजे त्या आपली अंडी घेऊन बाहेर पडतात. वारुळात उकळते पाणी किंवा रॉकेल ओतू नये. त्याने मुळे आणि माती यांचीच हानी होते.

इतके करूनही उपद्रव राहिला, तर टाकणखाराचे आमिष आहे. अर्धा लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम साखर आणि केवळ पाच ग्रॅम टाकणखार विरघळवून कापसाचा बोळा त्यात भिजवावा, आणि झाकणाला बारीक भोके पाडलेल्या डबीत ठेवावा. प्रमाण वाढविण्याचा मोह टाळावा. तीव्र आमिषाने मुंगी वाटेतच मरते. सौम्य असले तर ती ते वारुळात नेते आणि राणीपर्यंत पोचविते. डबी मुलांच्या व जनावरांच्या हाती लागू देऊ नये, आणि द्रावण मातीत सांडू देऊ नये.

भुकटीविषयी एकच गोष्ट सांगतो. एके काळी घरोघरी वापरात असलेली बी. एच. सी.ची भुकटी आपल्या देशात १९९७ पासून बंद आहे, कारण ती मातीत व अन्नात दीर्घकाळ टिकते. आजच्या भुकट्यांची नावे निराळी आहेत. परंतु त्या मुंगीबरोबर ढालकिड्यालाही मारतात. राखणदार मेला आणि चोराचा शत्रूही मेला, तर लाभ चोराचाच.

जमिनीवर हिंडणारी मुंगी वाळवी खाते, मेलेले किडे ओढून नेते आणि आपली बिळे खोदून काळ्या चिकण मातीत हवा खेळविते. तिला तेथे सुखाने राहू द्यावे. झाडावर चढली, तर तिच्या मागोमाग आपली दृष्टी चढवावी. ती ज्या पानाशी थांबते, तेथेच आपले काम सुरू होते.