मोंते कासिनोचा मठ



युद्धात उद्ध्वस्त झालेल्या एका धर्मस्थानाची हकीकत आज आम्ही सांगणार आहो. स्थान ख्रिस्ती धर्माचे, देश इटली. परंतु त्या डोंगराच्या पायथ्याशी आपल्या मुलखातील माणसे लढली आहेत, तेव्हा विषय अगदीच परका नव्हे.

रोमच्या आग्नेयेस, कासिनो गावाच्या माथ्यावर, इ. स. ५२९ च्या सुमारास संत बेनेडिक्ट यांनी हा मठ स्थापिला. लोंबार्डांनी तो लुटला, ८८३ मध्ये सारासेनांनी जाळला, १३४९ च्या भूकंपात तो कोसळला. प्रत्येक वेळी तो पुन्हा उभारला गेला. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या लिखाणाचा मोठा भाग जगाला आज उपलब्ध आहे, तो अकराव्या शतकात येथे झालेल्या हस्तलिखित नकलेमुळे.

१९४४ च्या आरंभी जर्मन सैन्याने याच डोंगररांगेत मोर्चे बांधून रोमची वाट अडविली. मठाच्या वास्तूत मात्र जर्मन सैनिक नव्हते. पण खाली चिखलात, थंडीत पडलेल्या शिपायास हे पटावे कसे? मान वर करावी तो मठाच्या खिडक्या आपल्यावरच रोखलेल्या! त्या शिपायास आम्ही दोष देत नाही. चौथ्या भारतीय डिव्हिजनचे सेनापती टकर यांनी बाँबहल्ल्याची मागणी केली व वरिष्ठांनी ती मान्य केली. वास्तविक डिसेंबर १९४३ मध्येच सरसेनापती आयझेनहॉवर यांनी बजावले होते की, ‘लष्करी गरज’ हे शब्द कित्येकदा केवळ सोयीसाठी वापरले जातात. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोनशेहून अधिक विमानांनी मठ जमीनदोस्त केला. आश्रयास आलेली बायकामुले ढिगाऱ्याखाली गेली. वृद्ध मठाधिपती दिआमारे उरलेल्यांस घेऊन डोंगर उतरले.

आणि साधले काय? जर्मन सैनिक आता त्या ढिगाऱ्यात शिरले. पडक्या भिंतींचा आडोसा लढणाऱ्यास फार सोयीचा असतो. मागोमाग झालेला भारतीय डिव्हिजनचा हल्ला फसला. पोलिश सैनिक माथ्यावर पोहोचले ते १८ मे रोजी, तीन महिन्यांनी. म्हणजे गरज राहो, सोयदेखील झाली नाही!

ग्रंथ तेवढे वाचले. १९४३ च्या शरदातच श्लेगेल व बेकर या जर्मन अधिकाऱ्यांनी ते हलविण्याचा आग्रह धरला होता. मठवासी प्रथम कचरले, मग राजी झाले, आणि ग्रंथ रोमला पोहोचले. (मठात ठेवलेली काही चित्रे मात्र वाटेत जर्मनीकडे वळली, हेही नमूद केले पाहिजे.) मठ पूर्वीच्याच नकाशाप्रमाणे पुन्हा बांधून १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांच्या हस्ते त्याची पुनःप्रतिष्ठा झाली.

१९५४ च्या हेग करारात अशा वास्तूंच्या रक्षणाचे नियम ठरले. पण ‘लष्करी गरजे’ची पळवाट त्यातही राहिली. १९९९ च्या पुरवणी कराराने ती बरीच अरुंद केली आहे.

मे महिन्यातील त्या लढाईत आठव्या भारतीय डिव्हिजनमधील मराठा पलटण खालच्या खोऱ्यात होती. आपल्या ज्ञातीतील ज्या घरांत इटलीहून आलेली पत्रे वा छायाचित्रे असतील, त्यांनी त्यांच्या नकला मंडळाच्या चिटणीसांकडे द्याव्यात, ही विनंती. मूळ कागद घरीच ठेवावेत.