मौनाचा अर्थ कोण ठरवतो?

(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेतील भाषण)



सक्ती न करता, केवळ पर्यायांची मांडणी बदलून माणसाचा निर्णय वळवता येतो, हे रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टाइन यांनी २००८ साली ‘नज’ या ग्रंथात मांडले. नज म्हणजे कोपराने हलकेच सुचवणे. मोबाईलवर हा कोपर आपणांस दिसत नाही. ‘सहमत’चे बटण मोठे आणि ठळक असते, ‘नको’ मात्र बारीक अक्षरांत कोठेतरी दडलेले असते. कधी तर चौकटीत खूण आधीच केलेली असते.

ऑस्ट्रेलियात ‘माय हेल्थ रेकॉर्ड’ या आरोग्य-नोंदवहीत पूर्वी स्वतः नाव नोंदवावे लागे. त्या रीतीने सुमारे ६० लाख लोक आले. पुढे नियम उलटा झाला : ३१ जानेवारी २०१९ पर्यंत जो नकार कळवणार नाही, त्याची नोंदवही उघडली जाईल. सुमारे २५ लाखांनी नकार दिला, उरलेले नव्वद टक्के आत आले. एवढ्या अवधीत लोकांचे मतपरिवर्तन झाले असे मला वाटत नाही. त्यांच्या मौनाचा अर्थ तेवढा बदलला.

आपल्याकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यातील चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक ऐच्छिक आहे. तथापि अनेक रुग्णालयांत क्यूआर कोड स्कॅन करणाऱ्यास टोकन लवकर मिळते, इतरांस रांग. अंगात ताप असलेला मनुष्य कोणता मार्ग धरील? न्यायाने सांगावयाचे तर या कोडमुळे नाव, वय, पत्ता यांसारखा ओळखीचा तपशीलच जातो. तपासण्यांचे अहवाल पाहण्यास वेगळी संमती लागते, तीही मुदतीची असते आणि मागे घेता येते. पण “आजी, ओटीपी सांगा” म्हटल्यावर आकडा वाचून दाखवणाऱ्या आजींना हे कोणी समजावते काय?

नोंदवहीचा उपयोग मी नाकारत नाही. बेशुद्ध रुग्णाची औषधे कळली तर जीव वाचू शकतो. परंतु आपल्यासारख्या लहान समाजात, जेथे सोयरीक जुळवताना चार घरी चौकशी होते, तेथे मुलीचा बरा झालेला क्षय किंवा मुलाची मानसोपचाराची औषधे ही केवळ ‘माहिती’ राहत नाही.

आता एक कबुली. आपल्या शिबिराच्या नोंदणी-अर्जात तळाशी छापलेले “माझ्या माहितीच्या वापरास हरकत नाही” हे वाक्य माझेच. सही केली की हरकत संपली! कोणी कधी विचारले नाही, आणि त्याचे मला समाधानच वाटत असे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याला अभिप्रेत असलेली संमती निराळी आहे : ती स्पष्ट कृतीतून दिलेली असावी, आणि देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही.

नव्या अर्जाचा नमुना बाहेर मेजावर ठेवला आहे. त्यात दोन प्रश्न आहेत : अहवाल तपासणाऱ्या डॉक्टरांना द्यावा काय, आणि नाव ट्रस्टच्या यादीत ठेवावे काय. दोन्ही चौकटी कोऱ्या आहेत. होकार कमी येतील, यादी लहान होईल. विश्वस्तांनी ते मान्य करावे, अशी विनंती आहे.