घरबसल्या कॉलेज

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तरी दोन शब्द बोलते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले आणि घरी राहून पदवी घेण्याची सोय झाली. २०२० च्या टाळेबंदीत तर कॉलेजचे वर्गच फोनवर भरले. (आमच्याकडे रेंज फक्त गच्चीवर!)

माझी सून घरूनच बी. ए. करते. फोनवरचे सर छान शिकवतात; पण समोरचीचा चेहरा त्यांना कुठे दिसतो? दळण, पाणी, पाहुणे यांतच तिचा दिवस सरे. आता दुपारचा एक तास मी तिच्यासाठी राखते आणि धडा मला सांगायला लावते. अडखळली की कुठे पुन्हा वाचायचे, हे तिचे तिलाच उमगते.

बिलोलीत आणखी कुणाच्या लेकीसुनेला असा तास हवा असेल, तर मंडळाची खोली दुपारी मोकळी असते. किल्ली माझ्याकडे आहे.