जुन्या वखारीत अभ्यासिका : स्लॅब की कौलं?

आम्ही श्रीवर्धन तालुक्यातल्या, समुद्राला लागून असलेल्या एका गावातल्या बचत गटाच्या बायका. आमची अभ्यासिका बघायला शेजारच्या गावांतले गट येतात आणि जाताना हळूच विचारतात, "स्लॅब का नाही टाकलात? पैसे कमी पडले का?" पैसे कमी होतेच, पण कारण ते नव्हतं. ते सांगायलाच आज इथे आलो आहोत.

ही इमारत मूळची सुपारीची वखार. दीड हात जाड जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा तिचं अर्धं छप्पर गेलं. भिंतींना मात्र एक तडा नाही. मालक मुंबईला असतात, त्यांनी ती गावाला वापरायला दिली. दहावी-बारावीच्या मुलींना संध्याकाळी शांत बसायला जागा नव्हती, म्हणून तिथे अभ्यासिका करायची ठरली.

मग गटात भांडण लागलं. तरुण सुनांचं म्हणणं, आता करतोच आहोत तर स्लॅब टाका, वादळाची भीतीच नको. म्हाताऱ्या म्हणत होत्या, कौलंच बरी. खरं सांगायचं तर आमच्यातल्या बहुतेकींचं मन स्लॅबकडेच होतं. स्लॅबचं घर म्हणजे सुधारलेलं घर, असं आपण धरूनच चालतो.

बैठक चालली होती ती आमच्यातल्याच एका काकूंच्या ओटीवर. त्या उठल्या आणि सगळ्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. वर स्लॅबचे पोपडे सुटलेले, आतल्या सळया उघड्या आणि गंजून फुगलेल्या. "पाळण्याच्या जागेवर पडला हा तुकडा," म्हणाल्या, "बाळ तेव्हा माझ्या मांडीवर होतं म्हणून." घर काही जुनं नव्हतं.

असं का होतं, ते आम्ही नंतर एका जाणत्या अभियंत्याकडून समजून घेतलं. खारी हवा आणि ओल काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचते. लोखंड गंजलं की गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो आतून फुगतो आणि वरचं काँक्रीट फोडून काढतो. त्यात कुणी किनाऱ्यावरची वाळू वापरली असेल, तर मीठ पहिल्या दिवसापासून आतच घातलेलं असतं. स्लॅब वाईट असं आम्ही म्हणत नाही. आमचं शौचालय काँक्रीटचंच आहे. पण तिथे वाळू नदीची, पाणी गोडं, आणि सळईखाली कव्हर ब्लॉक ठेवून दोन इंच काँक्रीटचं पांघरूण. गवंडी दगडाची चीप सरकवायला बघत होते, तेव्हा आम्ही पट्टी घेऊन उभ्या राहिलो. पण मुलींच्या डोक्यावरच्या मोठ्या छपराला एवढी राखण आम्हाला जमेल, याची खात्री वाटेना. शिवाय जुन्या जांभ्यावर स्लॅबचं ओझं घालायचं म्हणजे आधी पाया तपासायला हवा, तो खर्च वेगळाच.

मग पत्रा? पत्रा स्वस्त आणि लवकर होतो. पण वादळानंतर माडांच्या शेंड्यांना गुंडाळलेले पत्रे आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. पत्रा उचलला की अख्खा जातो आणि कुणाच्या अंगावर पडेल सांगता येत नाही. शिवाय पावसात त्याच्याखाली शिकवलेलं ऐकू येत नाही, हे विसरू नका.

म्हणून कौलं. पण जशी होती तशी नाही. वखारीचं छप्पर गेलं ते कौलांमुळे नाही, तर वासे भिंतीवर नुसते टेकवलेले होते म्हणून. आता भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी लाकडाचा पट्टा आहे, तो भिंतीत बोल्टांनी धरलाय, आणि प्रत्येक वासा जस्त चढवलेल्या जाड पट्टीने त्याला बांधलाय. कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळींत एकेक कौल तारेने रिपेला आवळलंय, कारण वारा तिथूनच पहिला हात घालतो. वासे वादळात पडलेल्या जून माडांचे. माडाचा बाहेरचा भागच टणक असतो, आतला गाभा मऊ, तो टाकून द्यायचा. वाळवीसाठी काजूच्या टरफलांचं तेल लावलं, होड्यांना लावतात तेच. हातमोजे घाला हं, आमच्या दोघींची कातडी सोलली.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते पाख्याने. पाऊस म्हणतो पाखं लांब सोडा, भिंत भिजेल. वारा म्हणतो आखूड ठेवा, नाहीतर तिथेच धरून छप्पर उचलतो. शेवटी मुख्य छपराचं पाखं दीड फूटच ठेवलं आणि पुढची पडवी वेगळ्या खांबांवर, वेगळ्या छपराची केली. उद्या वादळाने पडवी नेली तरी वर्ग जागेवर राहील.

आता आमची चूक. समुद्राकडची भिंत आम्ही घाईघाईने सिमेंटने गिलावली. गुळगुळीत दिसली, आम्ही खूश. पहिल्याच पावसाळ्यानंतर आतल्या बाजूला लोणा फुटला, वह्यांना बुरशी आली. जांभा पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. सिमेंटने त्याचं तोंड बंद केलं, मग ओल आत आली. छिन्नी-हातोडी घेऊन तो गिलावा काढला आणि चुन्याचा केला. चुन्यातून भिंत श्वास घेते. मात्र चुन्याला वेळ लागतो. तो घाईने वाळू द्यायचा नाही, पाणी मारत राहायचं. म्हणून हे काम दिवाळीनंतर काढून होळीच्या आत संपवायचं. आणि कळीचा चुना विरवताना तो उकळतो, डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय जवळ जाऊ नका, मुलांना तर मुळीच नको.

कागदांचंही एक सांगतो. समुद्राजवळच्या बांधकामाला सीआरझेडचे नियम लागतात. हात लावायच्या आधी ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात विचारून घ्या, उत्तर लेखी मागा.

आता दर एप्रिलमध्ये शिडी लावून आम्ही पाळीपाळीने पट्ट्या, बोल्ट आणि तारा बघतो. गंजलेली तार लगेच बदलतो. समुद्राकडच्या भिंतीच्या खालच्या हातभर भागात अजून ओल धरते. यंदा बाहेरची माती खणून जोत्याच्या खाली उतरवणार आहोत, पाणी बाजूने निघून जाईल असं वाटतंय. कुणाला बघायला यायचं असेल तर संध्याकाळी चारनंतर या, तेव्हा मुली असतात, त्याच दाखवतील.